फक्त आमचीच गेली

लेकीने लुसाकाला बोलावलं, कारण दिवाळीच्या फराळाची पहिली मोठी ऑर्डर आली होती आणि चकलीवर तिचा हात बसत नव्हता. चांगली नोकरी सोडून तिने घरातून हा धंदा सुरू केलेला. ऑर्डर फसली असती तर जावई गप्प राहिला असता, पण त्याची आई अंबरनाथहून बोलली असती, आणि विहीणबाईंचा आवाज फोनशिवायही झांबियात पोचतो.

लाइटचा जरा त्रास आहे, असं लेक आधीच म्हणाली होती. मी हसले. मला लाइटचं सांगते! माझी उमेदीची वर्षं भारनियमनात गेली.

त्या वर्षांतली मी आठवली की तिला दोन थपडा द्याव्याशा वाटतात. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लाइट गेली की बाकीच्या बायका जिन्यात बसून गप्पा मारत भाजी निवडायच्या. ही बाई मात्र अंधाराचं सोनं करायला निघालेली. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये घासाघीस करून मनःशांतीची कॅसेट आणली. रोज लाइट गेली की ऐकायची, असा संकल्प सोडला. टेपरेकॉर्डर विजेवर चालतो, हे कॅसेटचं वेष्टण फाडल्यावर ध्यानात आलं. मग मेणबत्तीपुढे बसून क्रोशाचा रुमाल विणला. उजेडात पाहिला तर त्याला पाच कोपरे.

खरी मनःशांती मिळायची ती बदलापूरच्या नणंदेला फोन लावून. तुमची गेली का, विचारायचं. तिने गेली म्हटलं की जीव थंड. सगळ्यांची गेली असेल तर त्याला गेली म्हणत नाहीत.

आणि आली की पंप, मिक्सर, इस्त्री, गिझर, सगळं एकदम. पुन्हा जायच्या आत उरकायचं. अख्खी बिल्डिंग हेच करायची, त्यामुळे आलेली लाइट पुष्कळदा फ्यूज घेऊनच परत जायची.

लुसाकात मात्र ती जायची नाही, पाहुण्यासारखी यायची. लेकीने त्यालाही जमवून घेतलं होतं. फ्रिजमध्ये बर्फाच्या बाटल्या, फोनचं चार्जिंग गाडीत, अंधारात निवडण्या-मळण्याची कामं आणि लाइट आली की तळण, कारण चूल विजेची. तोंडाने कुरकुर नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. कॅसेट न ऐकता हिला हे कोणी शिकवलं?

फराळ न्यायला लोक संध्याकाळी येणार होते. त्या दिवशी दुपारी लाइट आली. लेकीने तेल तापवलं, चकलीचा पहिला घाणा सोडला आणि डबे पुसायला आत गेली. फ्रिज घुरघुरू लागला होता. तो आवाज ऐकला आणि माझे हात मला न विचारता उठले. गिझर लावला. वॉशिंग मशीन लावलं. मिक्सरमध्ये खोबरं फिरवलं. खट् झालं आणि जळका वास आला.

मी सवयीने खिडकीशी धावले. शेजारच्या घरात रेडिओ मजेत गात होता. सगळ्या गल्लीत लाइट, फक्त आमचीच गेली.

"काय काय लावलंस?" लेकीने विचारलं.

मी सांगितलं. तेवढ्यात तिला कोपऱ्यातली इस्त्री दिसली.

"इस्त्री कशाला, आई?"

"लाइट आली होती ना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वायरमनला फोन केला, तो उद्या येतो म्हणाला. तिकडे कढईतले बुडबुडे बसले आणि चकल्या निवांत तेल पीत पडल्या. लेक ओट्याला टेकून खाली बसली. "पहिल्याच ऑर्डरला," एवढंच म्हणाली.

मी सोऱ्या घेऊन मागच्या अंगणात गेले. कुंपणापलीकडे शेजारीण पत्र्याच्या शेगडीवर जेवण रांधत होती. इथे घरोघरी असते ती. अगदी अशीच कोळशाची शेगडी मी मिक्सर आणल्याच्या तोऱ्यात भंगारवाल्याला दिली होती, वर जिन्यात उभं राहून, आता आपण मॉडर्न, असं जाहीर केलं होतं. शेजारणीला माझं मराठी कळेना, मला तिचं इंग्रजी. मी सोऱ्यातून हवेतच एक चकली पाडून दाखवली. तिने स्वतःचं पातेलं उतरवलं आणि पेटलेली शेगडी कुंपणावरून दिली. मागोमाग झाकणाने वारा घालायला स्वतःही आली.

आच कमी करायला इथे बटण नव्हतं. निखारे चिमट्याने बाजूला सारायचे. ते हाताला आठवत होतं. लेक आधी दारात उभी राहून, कोणी बघेल, धूर किती, असं पुटपुटली. मग पदर खोचावा तसा टी-शर्ट कमरेला बांधून चकल्या पाडायला बसली. तिसऱ्या-चौथ्या घाण्याला तिची चकली सुटी न होता तेलात उतरली. मी निखारे सारत राहिले. बोलले असते तर पुढची मोडली असती.

संध्याकाळी पहिल्या बाई डबा न्यायला आल्या. तिथेच एक चकली मोडून खाल्ली, जरा थांबल्या आणि वास कसला येतोय, म्हणाल्या.

"कोळशाचा," लेक म्हणाली. "आमच्याकडे विजेवर तळतच नाहीत."

चेहऱ्यावर रेष हलली नाही. लहानपणी कॅम्प चारच्या दुकानांतून तिला बोटाला धरून फिरवलं, ते वाया गेलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काजळी लागलेल्या तोंडाने मान डोलावली.

त्यांनी बहिणीसाठी आणखी एक डबा सांगितला.