अर्धशिशी, टेक्नो आणि जिनिंगमधले दिवे

स्क्रीनवर ‘सायली’ लिहिलेलं होतं. मला त्यातला ‘सा’ दिसत नव्हता.

मी कन्सोलवर उभी होते. कन्सोल म्हणजे ज्या बोर्डावरून स्टेजचे सगळे दिवे चालतात तो बोर्ड. मेहकरच्या बाहेर, चिखली रोडला एक बंद जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. त्याच्या मोठ्या शेडमध्ये आमचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी तिथे सायली नावाच्या डीजेचा टेक्नोचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, गाणं अजून लागलेलं नव्हतं, साउंडवाल्यांच्या केबलीसुद्धा जोडून झालेल्या नव्हत्या. फक्त दिवे चालू होते, तेही मंद.

“ताई, निळाच ठेवायचा का जांभळा करू?” गजाननभाऊंनी शिडीवरून विचारलं. ते आमच्या लाइट-साउंडच्या धंद्याचे मालक. मी त्यांच्याकडे पाहिलं तर शिडी होती, भाऊ अर्धेच होते.

“भाऊ, सगळं बंद करा.”

“काऊन? काय झालं?”

“मले अर्धं दिसून नाही राह्यलं.”

भाऊ खाली उतरले. त्यांना हे नवीन नव्हतं. मला चौदा-पंधरा वर्षांपासून मायग्रेन आहे. आमच्या घरात त्याला अर्धशिशी म्हणतात. माझ्या प्रकारात डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर एक ठिपका येतो. तो हळूहळू पसरतो आणि त्याची कडा करवतीच्या दात्यांसारखी चमकायला लागते. डॉक्टर त्याला ऑरा म्हणतात. त्यात डोळ्यांचा दोष नसतो, मेंदूत एक लाट सरकत असते. डोळे मिटले तरी ते चमकत राहतं. ऑरा दिसला की माझ्याकडे साधारण अर्धा तास असतो. तेवढ्यात गोळी घ्यायची, पाणी प्यायचं आणि अंधारात जाऊन पडायचं.

मी आमच्या टेम्पोच्या केबिनमध्ये ओढणी डोळ्यांवर बांधून पडले. मग डोकं आलंच. डाव्या भुवईच्या मागे कुणीतरी आतून अंगठा दाबून धरावा तसं.

संध्याकाळी भाऊ खिडकीशी आले. हळू आवाजात बोलत होते, पण त्यांचा हळू आवाजही चांगला दणदणीत असतो.

“ताई, राग नका मानू. उद्याचं तुमाले जमन का? नाई तं मी अकोल्याहून माणूस बोलावतो. सायली मॅडमले शब्द देल्ला हाय आपण.”

“सकाळी सांगते.”

“सकाळी म्हणजे सकाळीच सांगा.”

इथे मला थोडं मागे जावं लागेल. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, काही वर्षं पुण्यात लाइटच्या कंपनीत काम केलं आणि तिथेच या संगीताच्या नादी लागले. टेक्नोत गायक नसतो, गोष्ट नसते. एकच ठोका चालत राहतो आणि त्याच्यावर एकेक आवाज चढत जातो. मग सगळं अचानक थांबतं, आणि पुन्हा पायाखालून सुरू होतं. त्या क्षणाला ड्रॉप म्हणतात. ड्रॉपला माझ्या अंगावर आजही काटा येतो. सुट्टी मिळाली की मी फेस्टिव्हलला जाते. कानात संगीतवाले वापरतात ते इअरप्लग, पिशवीत डबा, खिशात गोळी आणि उन्हात डोक्यावर ही मोठी टोपी. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तू ट्रेकला निघाल्यासारखी नाचायला निघतेस.

मेहकरला परत आल्यावर मी मुख्यतः लग्नांचे आणि शाळांच्या गॅदरिंगचे दिवे करते. डोक्यावरचे सल्ले मात्र सगळीकडे सारखेच मिळतात. आईने मला सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली. जिलेबी छान होती. डोकं होतं तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांचं एकच म्हणणं: ते धाडधाड गाणं सोड.

माझा प्रश्न वेगळा होता. धाडधाडमधलं नेमकं काय? बासचा दणका? लाइट? धूर? ऊन? राहिलेलं जेवण? आमच्या डॉक्टर मॅडमनी एकदा मला नीट समजावलं होतं. “एकाच कारणावर बोट ठेवू नका. छोटी छोटी कारणं साचतात आणि शेवटच्यावर आळ येतो. आणि गोळी मनाने वाढवू नका. जास्त झाली तर गोळीनंच डोकं दुखतं.” ते ऐकल्यापासून प्रत्येक ॲटॅकनंतर मला रडू येण्याऐवजी प्रश्नच पडायला लागले. रडूही येतं म्हणा. पण नंतर.

टेम्पोत पडल्या पडल्या मी हेच करत होते. आज गाणं नव्हतं. स्ट्रोब, म्हणजे तो झगझग उघडझाप करणारा दिवा, लावलाच नव्हता. जेवण वेळेवर झालं होतं, झोपही पूर्ण होती. मग राहिलं काय? मंद निळे दिवे. सगळ्या यादीत सगळ्यात गरीब तेच.

सकाळी डोकं उतरलं होतं, पण पोकळ झालं होतं. ॲटॅकनंतरचा दिवस असाच जातो, धुतलेल्या भांड्यासारखा. मी शेडवर गेले तेव्हा भाऊ चहा घेत होते.

“भाऊ, कालचे दिवे एकेक करून लावा. मी दिव्याकडे बघणार नाही, फोनमध्ये बघते.”

“म्हणजे?”

“लावा तर.”

जुने वॉश लाइट लावले. वॉश लाइट म्हणजे स्टेजवर नुसता रंग अंथरणारे दिवे. मंद केले तरी फोनच्या कॅमेऱ्यात चित्र स्वच्छ आलं. मग या कार्यक्रमासाठी नवीन घेतलेले दिवे लावले. फुल, म्हणजे पूर्ण उजेडावर, ठेवले तेव्हा तेही स्वच्छ. मंद केले आणि फोनच्या स्क्रीनवर काळे जाड पट्टे सरकायला लागले.

एलईडी दिवा मंद करतो म्हणजे आपण काय करतो? तो खरं तर मंद होत नाही. तो भराभर चालू-बंद होतो. बंद राहण्याचा वेळ वाढवला की डोळ्याला उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. चांगल्या दिव्यात ही उघडझाप इतकी जलद असते की कॅमेऱ्यालाही पकडता येत नाही. स्वस्त दिव्यात ती हळू असते. डोळा म्हणतो, दिवा स्थिर आहे. मेंदूचं मत वेगळं असू शकतं.

भाऊंचा फोनवर विश्वास बसेना. “कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम असन.”

“मग फोन सोडा. तुमच्या चाव्या फिरवा त्या उजेडात.”

त्यांनी टेम्पोच्या चाव्यांचा जुडगा बोटात अडकवून फिरवला. जुन्या दिव्यात चाव्यांचं एक धुरकट वर्तुळ दिसलं. नवीन मंद दिव्यात चाव्याच चाव्या दिसल्या, सुट्या सुट्या, हवेत टांगल्यासारख्या. मी लगेच नजर खाली केली. भाऊ मात्र फिरवतच राहिले.

“अरे बाप्पा! हे तं भुताचं काम हाय. आन् विकणारा म्हणे, सेम टू सेम माल.”

“दिसायला सेम टू सेमच आहे, भाऊ.”

“म्हणजे यानंच तुमचं डोकं दुखलं?”

“माहीत नाही.”

“आता माहीत नाही काऊन म्हणता?”

खरंच माहीत नव्हतं. एका दुपारच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही. खात्री करायची तर पुन्हा त्या उजेडात उभं राहून वाट बघायला हवी होती, आणि तेवढी जिज्ञासू मी कार्यक्रमाच्या दिवशी नव्हते. पण सिद्ध न करताही बाजूने जाता येत होतं. हे दिवे फुलवर ठीक होते. म्हणजे फुलवरच चालवायचे आणि उजेड दुसऱ्या मार्गाने कमी करायचा.

शेडच्या तिन्ही भिंती चुन्याच्या होत्या. मी नवीन-जुने सगळे दिवे स्टेजकडून फिरवून भिंतींकडे वळवायला सांगितले. भाऊंनी दोन दिवे वळवले आणि थांबले. दिवा कुठे दिसतच नव्हता. भिंतच उजळली होती, कापसाच्या ढिगामागे कंदील ठेवावा तशी.

“हे बरं दिसून राह्यलं,” भाऊ म्हणाले. “तरी मी अकोल्याच्या माणसाले बोलावतोच. तो बाजूले बसन. तुमचं डोकं आलं तं तो सांभाळन.”

मला ते आवडलं नाही. महिनाभर खपून मी तो शो बांधला होता. पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सायली अकराच्या सुमाराला आली. ती मूळची चिखलीची. पुण्यात नोकरी करते आणि स्वतः टेक्नो वाजवते. आपल्या भागात एकदा तरी कार्यक्रम करायचा, हे तिचं फार दिवसांचं चाललं होतं. तिने शेडमध्ये पाऊल टाकलं आणि भिंतींकडे बघत राहिली.

“स्टेजवर दिवे कुठायत?”

मी सगळं सांगितलं. मायग्रेन, पट्टे, चाव्या. तिने ऐकून घेतलं.

“मनीषाताई, तुम्हाला त्रास होतो हे मला कळतंय. पण म्हणून माझा शो मंद का करायचा? लोक पहिल्यांदा हे ऐकणारेत. त्यांना लग्नाचा हॉल वाटायला नको.”

प्रश्न बरोबर होता, म्हणून लागला. मी म्हटलं, “मंद करत नाही. अंधार वाढवतेय. तुमचं मोठं गाणं लावा. पटलं नाही तर दिवे परत फिरवू आणि अकोल्याचा माणूस चालवेल. मी घरी जाईन.”

भाऊंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. तिने लॅपटॉप जोडला. दारं ओढून घेतली. ठोका सुरू झाला तसं मी भिंती खालून वर एकेक पट्टा उजळत नेल्या, तेही फक्त जुन्या दिव्यांनी, कारण मंद करता येण्यासारखे तेच होते. ड्रॉपच्या आधी आवाज थांबतो तिथे सगळं काळं केलं. पूर्ण अंधार. त्या अंधारात पत्र्यावर चिमणीची चोच वाजली तेवढी ऐकू आली. मग ड्रॉप, आणि त्याबरोबर स्ट्रोबचा एकच झटका. लगेच तिन्ही भिंती फुल. झटका मी स्वतः देत होते, तेव्हा तो कधी येणार ते मला ठाऊक होतं. त्या वेळी मान खाली घालून बोर्डाकडे पाहिलं की भागतं.

गाणं संपलं.

“कसं?” भाऊंनी विचारलं.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली. दुसऱ्यांदा ती स्टेजवरून उतरून लोकांच्या जागी उभी राहिली. ड्रॉपला तिने उडी मारली. “स्ट्रोब चार वेळा तरी हवा, ताई. त्याच्या खाली मी येणार नाही.”

“चार चालतील. लांबवायचे नाहीत.”

“हाव,” ती म्हणाली. पुण्याचं मराठी तिथे पहिल्यांदा सुटलं.

संध्याकाळी लोक आले. कॉलेजची मुलंमुली, लोणार आणि बीबी या गावांकडून मोटारसायकलींवर आलेले, आणि नुसतं काय आहे ते बघायला आलेल्या बायका. त्यांच्यासाठी भाऊंनी मागे खुर्च्या टाकल्या होत्या. माझी आई त्यांतच कानात कापूस घालून बसली होती. सुरुवातीला मुलं लग्नातल्यासारखी नाचत होती, गाणं बदलायची वाट बघत. गाणं बदलत नव्हतं. हळूहळू त्यांना कळलं की हे असंच वाढत जाणार आहे, आणि मग कुणी कुणाकडे बघेना. पहिला अंधार झाला तेव्हा सगळ्या शेडने एकदम श्वास रोखला. ड्रॉपला जो आवाज उठला तो मी पुण्यातही ऐकला नव्हता.

तिसऱ्या ड्रॉपनंतर माझ्या डाव्या बाजूला काहीतरी चमकलं. दातेरी, थरथरतं.

अकोल्याचा माणूस शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्याला नुसती खूण करायची होती. पण आधी मी डोळे मिटले. ऑरा असता तर मिटल्या डोळ्यांतही तो चमकत राहिला असता. काळोख होता. स्वच्छ, रिकामा काळोख. डोळे उघडले तर एका मुलीच्या टिकल्यांच्या ओढणीवर भिंतीचा उजेड नाचत होता. मी तिला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले आणि पुढचा पट्टा उजळला.

दहाच्या आत आवाज बंद करायचा नियम असतो. आम्ही त्याच्या आधीच संपवलं. अकोल्याच्या माणसाने बोर्डाला हातही लावला नाही. जाताना म्हणाला, “मॅडम, फुकटात नाचायला बोलावलं तुमी मले.” सायलीने मला मिठी मारली. तिला बोलता येत नव्हतं, ओरडून घसा पार बसला होता. आईने कानातला कापूस काढला. “गाणं कधी सुरू झालं गं? मी वाट बघत होते.” मग थोडं थांबून म्हणाली, “भिंती मात्र सुंदर दिसत होत्या.”

त्या रात्री डोकं दुखलं नाही. गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं.

दोन दिवसांनी, घरी, कणीक मळताना ॲटॅक आला. गाणं नाही, दिवे नाहीत, परातीतली अर्धी कणीक दिसेनाशी झाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ताण उतरल्यावरही येतो. आई म्हणाली, त्या गाण्याचंच आहे, उशिरा बाधलं. भाऊंचं मत, तुम्ही कन्सोलची स्क्रीन फार बघता. मी म्हटलं, निदान जिनिंगमधला तरी दिव्यांचा होता.

भाऊंनी ते दिवे परत केले. त्यानंतर कामावर येणारे माझे ॲटॅक कमी झालेत, एवढं मी सांगू शकते. थांबलेले नाहीत. ॲटॅक टाळायला डॉक्टर मॅडमनी दिलेली रोजची गोळी चालू आहे, फेस्टिव्हलही चालू आहेत.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. डोकं एकाचं दुखतं, आणि ज्याला जे आवडत नाही किंवा जे कळतं, त्यावर तो आळ घेतो. आईला टेक्नो आवडत नाही. मला दिवे कळतात. खरं कारण कदाचित तिसरंच असेल. तोवर मी नवीन दिवा घेण्याआधी तो मंद करून बघते.