भिंतीची जाडी

बाबा फॅक्टरीत ओतीव नगांचे तपासनीस होते. कॅलिपर लावून प्रत्येक नगाच्या भिंतीची जाडी मोजायची, कुठं पातळ निघाली की खडूनं फुली. साहेब चिडले तरी ती फुली पुसली जात नसे.

मी इथेच, जबलपूरच्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करत होते. आजारी हृदयात रक्त कसं वाहतं, भिंतीवर किती ताण येतो, हे कॉम्प्युटरवर मांडून पाहायचं. बाबांना अटॅक येऊन गेल्यावर मी त्यांचंच स्कॅन मागितलं. "घे ना बेटा," ते ऐटीत म्हणाले, "दुसऱ्याचं दिल कायले, घरचं हाय ना!"

त्यांच्या डाव्या कप्प्याच्या टोकाशी भिंत मरून पातळ झाली होती. मॉडेलमध्ये भिंतीचे बारीक तुकडे पाडावे लागतात. त्या जागी ते मुडपत आणि गणित अडकून बसे. तीन आठवडे हेच चाललं. गाईडला चित्र द्यायचं होतं. शेवटी मी तेवढी भिंत आजूबाजूच्याएवढी जाड करून टाकली. गणित पार पडलं. टोक निळं आलं, म्हणजे ताण कमी.

तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला जाऊन ऑपरेशनचं बघा. बाबांच्या मनात नव्हतं. चित्र हातात घेऊन त्यांनी विचारलं,

"का म्हणते तुझा कॉम्प्युटर?"

"निळं आहे बाबा. ठीक आहे."

"जाडी मोजली ना बराबर?"

"हो."

"चलो, मग काहून जाचं नागपूरले?"

ती जाडी मोजलेली नाही, मी भरलेली आहे, आणि असल्या चित्रावरून ऑपरेशन ठरत नसतं, एवढं म्हणायचं होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

ते चित्र त्यांनी शेजाऱ्यांना दाखवलं. "पोरीनं पास केलं मले." दोन महिन्यांनी घमापूरच्या बाजारातून भाजी घेऊन येताना ते रस्त्यातच गेले. पिशवीत पनागरची वांगी होती.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच आठवड्यात मी खरी जाडी घालून मॉडेल पुन्हा लावलं. तुकडे आणखी बारीक पाडायचे होते, बस. चार दिवसांचं काम. टोक लालभडक आलं. भिंत तिथेच फाटली का, कोणी सांगू शकत नाही. प्रबंधात मात्र मी निळंच चित्र ठेवलं. पदवी मिळाली. आईनं ते चित्र फ्रेम करून बाबांच्या फोटोखाली लावलं आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून जेवले.

मागच्या रविवारी आईकडे गेले तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"त्यायनं विचारलं होतं ना व तुले, मोजली का म्हणून?"

"हो."

"अन् तू हो म्हटलं."

ती उठली, फ्रेम काढली, पदरानं धूळ पुसली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "हे घेऊन जा तुझ्या घरी."

बाबांचा फोटो तिनं सरळ केला.