कुलूप लावलं कुठं
झेंडूच्या देठांचा तो उग्र, हिरवट वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात आम्ही इंदिरानगरला वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. गणपतीच्या दिवसांत खालच्या ओट्यावर घरमालकीणबाई आणि त्यांची जाऊ विकण्यासाठी हार ओवत बसायच्या, आणि सुईपेक्षा त्यांची जीभच जास्त चालायची. एकदा मला दिवाळी अंकाची कथा दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकायची होती, आणि खाली कळवणची कोणी सून माहेराहून येताना नवं कोरं कुलूप घेऊन आल्याची गोष्ट रंगली होती. "आन् तिनं ते कुलूप लावलं कुठं, तर..." जाऊबाई सांगत होत्या, तेवढ्यात मी खिडकीतून ओरडले, "अहो, जरा शांत बसता का? मी लिहितेय." दोघी गप्प झाल्या त्या झाल्याच. तासभर मी कोऱ्या कागदासमोर त्या कुलपाचाच विचार करत बसले. शेवटी निमूट खाली गेले आणि विचारलं, "मग कुठं लावलं कुलूप?" "जाऊ द्या ताई, आमच्या नुसत्या गप्पा," दोरा दातानं तोडत जाऊबाई म्हणाल्या. "तुमचं लय महत्त्वाचं काम चाललंय. लिहा तुम्ही." कथा छापून आली. ती कशावर होती, हे आज मलाच सांगता येणार नाही. ते कुलूप मात्र डोक्यातून जात नाही.