प्लग लावायचा कुठे?

घरोघरी जाऊन रुग्णांची मलमपट्टी करणाऱ्या त्या नर्सबाईंना सगळे 'सिस्टर' म्हणत. दिवसभर जिने आणि गाडी, गाडी आणि जिने. गाडी जुनी, पेट्रोलची. चढ आला की धापा टाकायची. एका सकाळी भर चौकात तिने मान टाकली. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, पण सिस्टरना राग यायचंही त्राण नव्हतं. घटकाभर बसायला मिळालं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

नवी गाडी घेणं आता भाग होतं. लेकीचं तर कधीच ठरलं होतं.

"आई, इलेक्ट्रिकच घ्यायची. धूर नाही, ऑइल बदलायची कटकट नाही."

"आणि चार्ज कशी करू? तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडू खाली, विहिरीत पोहरा सोडल्यासारखी?"

"चार्जिंग स्टेशनं आहेत की सगळीकडे!"

शोरूममधला विक्रेता गोडबोल्या होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग प्लग-इन हायब्रिड बघा, मॅडम. विजेवर चालते, वीज संपली की पेट्रोलवर. घरी प्लग लावला की झालं."

"प्लग लावायचा कुठे? घरी सोय असती तर पूर्ण विजेचीच नसती का घेतली?"

"मग साधी हायब्रिड. तिला प्लगच नसतो. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत साठतो, आणि इंजिनही ती भरतं."

"म्हणजे शेवटी पेट्रोलच."

"पेट्रोलच. पण कमी."

इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये किती जाते, ते पत्रकावर ठळक छापलं होतं. सिस्टरनी विचारलं, "हे एसी लावून? चढावर? कडाक्याच्या थंडीत?"

"तेव्हा थोडं कमी होतं."

"थोडं म्हणजे किती?"

विक्रेत्याने कॉलर सारखी केली. "तुम्ही असं करा, दोन दिवस चालवूनच बघा."

पहिला दिवस सुखाचा गेला. इंजिनाची घरघर नाही, गिअरची ओढाताण नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना कानाला इतकी विश्रांती कधी मिळाली होती, ते सिस्टरना आठवेना. संध्याकाळी त्या लेकीला म्हणाल्यासुद्धा, "गाडी लाख आहे गं."

दुसऱ्या दिवशी कामं लांबलांबची निघाली. दुपारी बॅटरी तळाला गेली. स्टेशनवर दोन यंत्रं होती. एक बंद, दुसऱ्याला टॅक्सी लावलेली आणि तिचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. तो ढेकर देत आला, त्यानंतर सिस्टरांचा नंबर लागला. पुढची भेट मास्तरांची होती. म्हातारे मास्तर अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखम झालेली. सिस्टरनी त्यांच्या बायकोला फोन केला.

"काकू, उशीर होतोय हो मला."

"या सावकाश. आम्ही कुठे जातोय?"

सिस्टर पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मास्तर कुशीवर होते आणि काकू त्यांच्या पाठीमागे, गुडघ्याचा आधार देऊन पलंगावर बसल्या होत्या. "तुम्ही आता यालच म्हणून यांना वळवून ठेवलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा निजवायचं, पुन्हा वळवायचं, त्यांना सोसत नाही." उठायला गेल्या तर त्यांचाच पाय बधिर झालेला. मास्तर हूं की चूं करत नव्हते. सिस्टरना ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. लेक हिरमुसली. "एका दिवसावरून ठरवतेस, आई?"

"माझे सगळे दिवस असेच असतात गं. गाडीत खोट नाही. पण ज्याच्या दारात खुंटा, त्याने ती बांधावी. माझ्या दारात जिना आहे."

लेक उठली ती तडक इमारतीच्या कारभाऱ्याकडे गेली. खाली गाड्या लावतात तिथे विजेचा पॉइंट द्या म्हणाली.

"एकाला दिला की सगळे मागतील," कारभारी म्हणाला.

"मागू दे की. बिल ज्याचं त्याने भरायचं."

"बघू."

त्या 'बघू'वर महिने गेले. सिस्टरना तेवढी सवड नव्हती. त्यांनी बिनप्लगची हायब्रिड घेतली. गर्दीत ती मुकाट सरकते, चढ आला की तिच्या पोटातलं इंजिन जागं होऊन कुरकुरतं. अशा वेळी लेक शेजारी असली तर खिडकीबाहेर बघते. सिस्टरही विषय काढत नाहीत. स्वतःचं वागणं पटवून द्यायलाही अंगात बळ लागतं.

परवा काकूंनी विचारलं, "नवी गाडी कशी आहे हो?"

"वेळेवर पोचवते," सिस्टर म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या. "चला मास्तर, वळायचं का?"