आमच्या उंदरिणीला नैवेद्य दाखवू नका

अन्याय झाला तो एका पांढऱ्या उंदरिणीवर. १९७३ च्या गणेश चतुर्थीला, सकाळची आरती संपल्या संपल्या. करणारे सगळे भले लोक होते, आणि त्यात पहिली माझी आत्या.

मी तेव्हा नगरला आत्याकडे राहून कॉलेज करत होते. उंदरीण प्रयोगशाळेतली. तिला चिरायची पाळी आली त्या दिवशी मी तिला पदराखाली घालून घरी आणली. याला चोरी म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालायला तयार आहे. पत्रकं लिहायची मला सवय होती. फीवाढीविरुद्ध, बसच्या वेळांविरुद्ध, वसतिगृहातल्या पाणचट वरणाविरुद्धसुद्धा, आणि मी तर वसतिगृहात राहतही नव्हते.

चतुर्थीला आत्यानं पिंजरा उचलला आणि थेट गणपतीच्या पायाशी ठेवला.

"आगं, खरा जित्ता उंदीर घरात आसताना मातीचा कशाला पुजायचा?"

दुपारपर्यंत आळीभर बातमी. येणारा आधी गणपतीला हात जोडी, मग वाकून जाळीतून पेढा सारी. मोदकाचं टोक, गूळखोबरं, बत्तासे. रेशनची साखर माणसांना पुरत नव्हती त्या दिवसांत! देवापुढचा नैवेद्य निदान घरचे खातात. हिच्यापुढचा हिनंच खायचा होता, आणि ती खात होती. तिला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी ती फिरेना. अंग फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली. मी पिंजरा सायकलला बांधला आणि गुरांचा दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर आधी पोट धरून हसले.

"म्हैस असती तर नळीनं औषध पाजलं असतं. हिला काय पाजू?"

मग चष्मा चढवून त्यांनी तिला नीट बघितलं आणि हसायचे थांबले. गोड बंद. तूप बंद. बाजरी, चिमूटभर हरभऱ्याची डाळ, रोज ताजं पाणी. दात सारखे वाढतात, म्हणून कुरतडायला बाजरीच्या धाटाचं कांडं. उन्हात ठेवायची नाही, वाऱ्यात ठेवायची नाही, अंगाखाली कोरड्या कागदाचे तुकडे.

"असंच चाललं तर गणपतीच्या आधी हिचंच विसर्जन," ते म्हणाले.

आत्या पिंजरा देवापुढून हलवू देईना, म्हणून त्याच संध्याकाळी मी कार्बन घालून पत्रक लिहिलं. "भाविकांनो! तुमच्या भक्तीनं एका मुक्या प्राण्याची हत्या चालवली आहे! नैवेद्याची ही जुलूमशाही बंद करा!" दारावर चिकटवलं, आळीत वाटलं. परिणाम? देवाचा उंदीर आजारी आहे हे सगळ्यांना कळलं, आणि दुप्पट पेढे आले. काही तर नवसाचे.

"तुझ्या कागदानं काय हुनार?" आत्या म्हणाली. "लोकाला कळंल आसं सांगावं लागतं. मी सांगते, उंदराचा उपास हाय."

लोकांना लगेच कळलं. अर्ध्या तासात साबुदाण्याची खिचडी आली. मग बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू, आणि शेजारच्या काकूंकडून तुपात परतलेली रताळी, वर साखर.

"म्हणून काय उपाशी ठेवायचं व्हय गं लेकराला?" काकू मलाच ओरडल्या.

सहाव्या दिवशी उंदरीण हलवूनही उठेना. मी पिंजरा आत्याच्या मांडीवर ठेवला.

"बघ, श्वास चालू आहे का. देवाचं वाहन तू बंद पाडलंस. आता देवाला तूच सांग, पायी जा म्हणून."

आत्यानं जाळीला कान लावला. आत्यानं माझं ऐकलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

मग तिनं पिंजरा मागच्या खोलीत नेला, उंबऱ्यात पाट टाकला आणि हातात लाटणं घेऊन बसली. काकू साटोऱ्या घेऊन आल्याच.

"काय आनलंय? गोड? फिरवा मागं."

"अहो, एक घास..."

"येक घास, येक घास करत निम्मी मारली तिला आमी. भक्ती लई उतू जात आसंल तर बाजरीचं चार दानं आना."

आणि काकूंनी आणले! सगळ्या आळीनं आणले. तरी दोन दिवस ती तशीच पडून होती. आत्या भिजवलेली डाळ बोटावर धरून तासन्‌तास बसायची. तिसऱ्या सकाळी पिंजऱ्यातून कुरतडल्याचा आवाज आला. तिच्या अंगाखाली मी उरलेल्या पत्रकांचे तुकडे घातले होते, त्यातली 'जुलूमशाही' तिनं पहिली फस्त केली. माझ्या लिखाणाचा इतका थेट उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

ती पुढचा गणपती आणि त्याच्याही पुढची दिवाळी बघून, चांगली म्हातारी होऊन गेली. उंदरासाठी हे फार मोठं आयुष्य.

तेव्हा तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. घरात पिंजरा असेल तर हे वाचणं थांबवा, उठा, आणि आत टाकलेलं गोड काढून घ्या. पाणी बदला. तो जीव जाळीला नाक लावून तुमच्याकडे बघेल. बघू दे. द्यायचं नाही.