मुठीतला बेल

श्रावणी सोमवार म्हणून शेजारीण बेलाची पानं देऊन गेली. देठ खुडताना तो हिरवा, उग्र वास बोटांना लागला आणि मी परळीच्या देवळात जाऊन पोचले, वीस वर्षांची.

घरोघर केबल आली होती तेव्हा. मला मात्र साधा आवाजसुद्धा डोक्यात खिळा ठोकल्यासारखा लागायचा. म्हणून एकटीला कुणी कुठं सोडत नसे. फारच हट्ट धरला तेव्हा माझे वडील, अण्णा, म्हणाले, "वैजनाथाला बेल वाहून ये. न्हाई जमलं, तर पुन्हा एकटीनं जायचं नाव काढू नको."

कानात कापसाचे बोळे घालून निघाले. बाजार ओलांडला, पायऱ्या चढले. गाभारा दिसला आणि डोक्यावरच घंटा वाजली. मागून दुसरी, तिसरी. मी मुठींनी कान दाबून खांबाशी बसले. आता जन्मभर घरातच, एवढंच मनात येत होतं. उठले ती पळत घरी.

"वाहिला का?" अण्णांनी विचारलं. आईनं माझी मूठ सोडवली. आत बेलाचा चोथा झाला होता.

"असला बेल देवाला चालतो का? उद्या ताजा घेऊन जाईल," ती म्हणाली. "एकटीच."

किती दगडाच्या काळजाची आई, असं वाटून मी रडले. मला पुन्हा दाराबाहेर पाठवायला तयार असलेलं त्या घरात दुसरं कुणीच नव्हतं, हे तेव्हा दिसलं नाही.