समुद्राने परत केलेला नारळ

आयर्लंडमधल्या नावन गावाहून पहाटे निघताना माझ्या पिशवीत छत्री, मळमळीवर आवळासुपारी आणि एक नारळ होता. नारळी पौर्णिमा होती. रत्नागिरीची बाई त्या दिवशी समुद्रावर रिकाम्या हाताने जाते का? माझा मुलगा नीरज इथे डॉक्टर आहे. त्याने पिशवीत डोकावले असते तर पुढचे टळले असते.

मागच्या सीटवर माझी दहा वर्षांची नात रेवा फुगून बसली होती. नॉर्वेवाले अजून देवमासे मारतात हे तिला शाळेत कळले आणि त्याची शिक्षा मला झाली. तिने मासे खाणे सोडले. मी तिच्यासाठी गावाहून कालवणात घालायला तिरफळं आणली, तर माझ्या ताटातल्या बांगड्याकडे बघून म्हणाली, "आजी, दॅट्स मर्डर." परतीचे तिकीट तोंडावर आले होते आणि माझ्या हातचे कालवण तिने अजून चाखले नव्हते. मला त्याचे फार वाईट वाटत होते.

वेस्ट कॉर्कच्या छोट्या बंदरातून देवमासे दाखवणारी बोट सुटली. कप्तान डोनल माझ्याच वयाचा. "लव्हली सॉफ्ट डे," म्हणाला. (सॉफ्ट म्हणजे अंगात मुरणारा बारीक पाऊस.) बोटीवर सगळे नॉर्वेवाल्यांना नावे ठेवत होते. हातात हॅम सँडविच धरलेले एक गृहस्थ तर फारच हळहळत होते.

आणि देवमासा आला. काळी पाठ सरकतच राहिली, संपेचना. कुकरची शिट्टी सुटावी तसा श्वास सुटला आणि वाऱ्याबरोबर सुक्या मासळीच्या बाजाराचा वास आला. मला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. हात जोडले आणि नारळ समुद्रात सोडला.

नारळ देवमाशाच्या अगदी जवळ पडला. देवमासा बुडाला. बोटीवर किंकाळ्या.

"आजी! यू हिट अ व्हेल!"

"लागला नाही गं!"

सँडविचवाले माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी थेट नॉर्वेहून आले होते. डोनलने जाळीने नारळ काढून माझ्या हातात दिला. समुद्रात काही टाकायचे नसते म्हणाला. मग हे कशासाठी, असेही विचारले. नीरजने सांगितले: बोटीवरची माणसे सुखरूप परत यावीत म्हणून.

डोनल हसला. "माझे पणजोबा मेयोला देवमासे कापायच्या कारखान्यात होते. बोटी निघाल्या की पणजी पवित्र पाणी शिंपडायची, सगळे सुखरूप यावेत म्हणून. सगळ्यांत देवमासे धरलेले नसायचे."

"वॉज ही बॅड?" रेवाने विचारले.

"ही वॉज ग्रँड," डोनल म्हणाला. "सात पोरं होती घरात."

रेवाने बोटांवर सात मोजले. याचे उत्तर शाळेत शिकवले नसावे.

समुद्राने नारळ परत केला तर काय करायचे, हे मला कुणी सांगितलेले नव्हते. धक्क्यावर फोडला, सगळ्यांना प्रसाद दिला. सँडविचवाल्यांनी दोनदा घेतला. उरलेली वाटी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी तिरफळं घालून बांगड्याचे कालवण केले, माझ्यापुरते.

रेवा वासाने स्वयंपाकघरात आली. बराच वेळ पातेल्याभोवती घुटमळली.

"आजी, नो फिश," ती म्हणाली. "जस्ट द कालवण, प्लीज."

मी वाढले. तिने भात कालवला, बोटे चाटली, पुन्हा मागितले. मला इतका आनंद झाला की माझ्या ताटातला बांगडा तसाच राहिला.